नादेजच्या डब्यातल्या अळ्या

सिस्टर सुचित्रा साळवे यांना जगात बऱ्याच गोष्टींची भीती वाटायची, पण समोर आलेल्या ताटाची कधी वाटली नाही, आणि ही गोष्ट त्या भेटेल त्याला सांगायच्या. संगमनेरजवळच्या त्यांच्या कॉन्व्हेंटात निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हा मदर सुपिरियरनी काळजीने विचारलं, "सिस्टर, अमेरिकेत तुमच्या खाण्याचं कसं होणार?"

"मदर, इतकी वर्षं मी आपल्या बोर्डिंगचं जेवण जेवले," सिस्टर म्हणाल्या. "त्यानंतर माणसाला काहीही पचतं."

बोर्डिंगचा स्वयंपाक बघणाऱ्या सिस्टर नेमक्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या दिवसापासून विमानात बसेपर्यंत सिस्टर सुचित्रांना चहा बिनसाखरेचा मिळाला. तोही त्यांनी तक्रार न करता प्यायला.

ही अठ्ठ्याण्णव सालातल्या उन्हाळ्याची गोष्ट. त्यांच्या संघाचं शिकागोत एक जुनं घर होतं. तिथे तीनच सिस्टर उरल्या होत्या आणि तिघीही सत्तरीच्या पुढच्या. त्या भागात काँगोहून नुकतीच आलेली बरीच कुटुंबं राहायची. सप्टेंबरात शाळा सुरू होण्याआधी त्यांच्या मुलांना थोडं इंग्रजी, थोडं गणित यावं म्हणून चर्चच्या तळघरात सुट्टीतला वर्ग काढायचं ठरलं, पण शिकवायला कुणी नव्हतं. म्हणून भारतातल्या दोघींना बोलावणं गेलं. गणित-इंग्रजीला सिस्टर सुचित्रा, आणि चित्रकला-गाण्याला सिस्टर ब्रिजिट तुस्कानो.

ब्रिजिट वसईची, वयाने बरीच लहान, स्वभावाने भित्री. खाण्याच्या बाबतीत तर फारच. तिच्या आईने निघताना बॅगेत सुके बोंबील दिले होते, प्लास्टिकच्या इतक्या पिशव्यांत गुंडाळून की ते पुडकं उशीएवढं झालं होतं. पण कॉन्व्हेंटात पोचल्यावर तिथल्या स्वच्छ, लिंबाच्या वासाच्या स्वयंपाकघराकडे बघून ते उघडायची तिची हिंमत झाली नाही. ते पुडकं कपाटात साड्यांच्या मागे पडून होतं. ब्रिजिट रोज उकडलेली गाजरं खायची आणि रात्री कपाट उघडून थोडा वास घ्यायची.

सिस्टर सुचित्रा मात्र सगळं खात होत्या. उकडलेली गाजरं, थंडगार टर्कीचं सँडविच, दह्यासारखं दिसणारं पण दही नसलेलं काहीतरी. प्रत्येक घासागणिक त्या ब्रिजिटकडे बघायच्या. "अगं, मनाचे खेळ असतात सगळे. देवाने दिलंय ना? मग खायचं."

वर्ग छान सुरू झाला. तळघराच्या भिंतीवर आफ्रिकेचा जुना नकाशा होता, त्यावर देशाचं नाव अजून झाईर असंच होतं. मुलांनी पहिल्याच दिवशी त्यावर कागदाची पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरांत काँगो लिहिलं. मुलं हुशार होती. पाढे फ्रेंचमध्ये म्हणायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. त्यांच्यात नादेज नावाची आठ वर्षांची मुलगी होती. बारीक बारीक वेण्या, मोठे डोळे, बोलणं अगदी कमी. सिस्टर सुचित्रांना ती पहिल्याच दिवशी आवडली, कारण ती हातचा घ्यायला कधी विसरायची नाही.

दुपारी मुलं डबे खायची तेव्हा सिस्टर हात मागे बांधून रांगांतून फिरायच्या. ही त्यांची जुनी सवय. बोर्डिंगच्या तांदळातल्या अळ्या, हरभऱ्यातले भुंगे, रव्यातली जाळी यांच्याशी त्यांनी उभं आयुष्य लढा दिला होता. पोत्याचं तोंड सोडण्याआधीच आत किडे आहेत की नाहीत हे त्या सांगायच्या, असा त्यांचा लौकिक होता.

त्या दिवशी नादेजने आइस्क्रीमचा रिकामा डबा आणला होता. इतर मुलांचं जेवण निम्मं झालं तरी तिने तो उघडला नव्हता. नुसती त्यावर हात ठेवून बसली होती. मग तिने हळूच झाकण काढलं. सिस्टर नेमक्या तिच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

आत भात होता, आणि भातावर अळ्या होत्या. एखाददुसरी नव्हे, बोटाच्या पेराएवढ्या, काळपट, गुबगुबीत, डबाभर अळ्या. आणि नादेजने त्यातली एक चिमटीत उचलून तोंडाकडे नेलेली.

सिस्टर सुचित्रांनी विचार केला नाही. त्यांनी तिच्या चिमटीतली अळी काढून घेतली, डबा उचलला, दोन ढांगांत कचऱ्याच्या टोपलीपाशी पोचल्या आणि डबा उपडा केला. वर ओला कागद टाकून झाकला, म्हणजे इतर मुलांना दिसून किळस यायला नको. डबा गरम पाण्याने, साबणाने दोनदा धुतला. मग स्वतःचं टर्कीचं सँडविच नादेजपुढे ठेवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

नादेज रडायला लागली. आवाज न करता, टपटप.

"किती भूक लागली असेल पोरीला," सिस्टर ब्रिजिटला म्हणाल्या. "आणि बिचारीच्या घरी कुणाच्या लक्षातच आलं नसेल. मी बोलते तिच्या आईशी."

त्या बोलल्याही. संध्याकाळी नादेजची आई न्यायला आली. उंच, धिप्पाड बाई, अंगावर पिवळ्या-निळ्या फुलांचं कापड, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि सिस्टरांना फ्रेंच अजिबात येत नव्हतं, म्हणून सिस्टरांनी सगळं हातवाऱ्यांनी समजावलं. तर्जनी वळवळवून अळी दाखवली. नाक दाबून दाखवलं. टोपलीत फेकल्याची कृती केली. मग दोन्ही हात आकाशाकडे करून ऊन दाखवलं आणि सावकाश, मोठ्याने सांगितलं, की धान्याला कडक ऊन द्यायचं, आणि डब्यात कडुनिंबाचा पाला टाकायचा, म्हणजे पुन्हा असं होणार नाही.

बाई आधी मान डोलावत "वी, वी", म्हणजे हो, हो, करत होती. टोपलीच्या कृतीनंतर तिची मान हलायची थांबली. तिने सिस्टरांकडे बराच वेळ पाहिलं, मुलीचा हात धरला आणि निघून गेली.

"ओशाळली गं," सिस्टर हळहळल्या. "मी जरा जास्तच स्पष्ट बोलले का?"

दुसऱ्या दिवशी नादेज आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी काँगोचं एकही मूल आलं नाही. तळघरात मेक्सिकोचे दोन भाऊ तेवढे राहिले, आणि त्यांना सगळे पाढे आधीच येत होते.

चर्चचे फादर केसी खाली येऊन रिकाम्या बाकांकडे बघत राहिले. शांत, गुलाबी चेहऱ्याचा माणूस, पण त्या दिवशी चेहऱ्याचा रंग उतरला होता. "सिस्टर, या तळघरात आधी दर सोमवारी पैसे लावून बिंगोचा खेळ चालायचा," ते म्हणाले. "तो बंद करून मी हा वर्ग सुरू केला. चर्चची अर्धी कमिटी माझ्यावर अजून रागावलेली आहे. पुढच्या आठवड्यात त्यांची मीटिंग आहे. वर्ग रिकामा दिसला तर बिंगो परत येईल, आणि ही मुलं सप्टेंबरात एक इयत्ता खाली बसतील."

सिस्टरांना काही कळेना. आजारपणाची साथ आली की काय असं वाटून त्यांनी मुलांसाठी प्रार्थनाही सुरू केली.

उलगडा दुपारी झाला. नादेजचे वडील आले. मिस्टर इलुंगा रात्री टॅक्सी चालवायचे, पण वर्गात येताना कोट-टाय घालून आले होते. त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं. त्यांनी आधी हवेची चौकशी केली, मग सिस्टरांच्या प्रवासाची, मग भारताची. बोलणं कुठून सुरू करावं हे त्यांना सुचत नव्हतं हे उघड होतं.

"सिस्टर," शेवटी ते म्हणाले, "त्या अळ्या पडलेल्या नव्हत्या. त्या शिजवलेल्या होत्या."

"शिजवलेल्या?" सिस्टरांनी विचारलं.

"आमच्याकडे खातात. जंगलातून गोळा करतात, धुरावर सुकवतात. माझी सासू तिकडे काँगोत, किक्वितला असते. तिने स्वतः सुकवून एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवल्या होत्या. आम्ही जपून ठेवल्या होत्या. नादेज म्हणाली, मला वर्गात न्यायच्या आहेत. आजीच्या हातच्या आहेत ना." ते थांबले. "माझी बायको रागावलेली नाही असं मी सांगणार होतो, पण ते खोटं होईल. ती चांगलीच रागावली आहे. आणि आमच्या बायका रोज संध्याकाळी एकमेकींशी फोनवर बोलतात."

ते गेल्यावर सिस्टर सुचित्रा बाकावर बसल्या. लहान मुलांचा बाक होता, गुडघे हनुवटीला लागत होते. कडुनिंबाच्या पाल्याचं आपण काय काय सांगितलं ते त्यांना आठवत होतं आणि कान गरम होत होते.

"ब्रिजिट, मी त्या पोरीच्या हातातली काढून घेतली गं. तोंडाजवळची."

ब्रिजिट एरवी सिस्टरांपुढे तोंड उघडायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "सिस्टर, रागावू नका. पण माझ्या आईचे बोंबील कुणी असे टाकले असते, वर ओला कागद घातला असता, तर मी पण परत आले नसते."

सिस्टरांनी मान हलवली. मग उठून साडी झटकली. "रविवारी मिस्सानंतर त्यांच्या घरी जायचं. माफी मागायची. आणि त्यांनी अळ्या वाढल्या तर खायच्या."

"खायच्या?"

"मी खाणार. मी कुठलंही ताट परत पाठवलेलं नाही, तुला माहीत आहे. तू गाजर खा."

पण रिकाम्या हाताने जाणं सिस्टरांना पटेना. टाकलं तेवढं तरी भरून द्यायला हवं. घरातल्या सगळ्यांत वडील सिस्टर डोरथी, ज्या गाडी चालवताना स्टिअरिंगच्या वर कशाबशा दिसायच्या, त्या म्हणाल्या, "डेव्हन ॲव्हेन्यूवर जा. तिथे सगळं मिळतं." अमेरिकन माणूस सगळं म्हणतो तेव्हा त्यात काय काय येतं याचा सिस्टरांनी खोलात विचार केला नाही. शनिवारी दोघी बसने डेव्हनला गेल्या.

तिथलं भारतीय किराण्याचं दुकान गच्च भरलेलं होतं. दूरदूरच्या गावांतून लोक महिन्याचं सामान भरायला आले होते. काउंटरवर गुरुनाथ नावाचा मराठी माणूस भेटला आणि सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. आता आपल्या भाषेत मागता येईल.

"दादा, तुमच्याकडे अळ्या मिळतील का?"

गुरुनाथला अळू ऐकू आलं. "आहे ना सिस्टर, फ्रोझन आहे. मागच्या फ्रीजरमध्ये, भेंडीच्या शेजारी."

"अळू नाही हो. अळ्या. सुकवलेल्या."

गुरुनाथ काउंटरवरून पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कशात निघाल्या?"

"निघाल्या नाहीत. मला हव्या आहेत."

"सिस्टर, पाकीट घेऊन या, मी बदलून देतो. मालक आतच आहेत. फक्त जरा हळू बोला."

"मी हळूच बोलतेय," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या मते त्या हळूच बोलत होत्या. पण शेवटच्या बाकावरच्या मुलापर्यंत आवाज पोचवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचं हळू बोलणं मसाल्यांच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. "अळ्या. जेवढ्या असतील तेवढ्या द्या."

रांगेत मागे रेखा नावाच्या बाई उभ्या होत्या, नवरा सॉफ्टवेअरमधला, गाडीत महिन्याचं सामान भरून नेणाऱ्यांपैकी. त्यांच्या मुलीने विचारलं, "मम्मा, व्हॉट्स अळ्या?"

"वर्म्स," रेखाबाई म्हणाल्या आणि ट्रॉलीतली रव्याची पिशवी उचलून उजेडात धरली.

त्यांच्या मागच्या बाईंनी विचारलं, "क्या हुआ?" त्यांना कळलं की रव्यात किडे आहेत. त्यांनी ते आणखी मागच्या बाईंना गुजरातीत सांगितलं तेव्हा किडे तूरडाळीतही गेले होते. थोड्याच वेळात दुकानातला प्रत्येक माणूस काहीतरी उजेडात धरून उभा होता. कुणीतरी बासमतीचं पोतं परत ठेवलं. रेखाबाई म्हणाल्या, "मला आधीच डाउट होता यार, गेल्या वेळी पण पोह्यांचा रंग वेगळा होता." रांग विस्कटली. सिस्टर मध्ये उभ्या राहून सगळ्यांना समजावू लागल्या, की किडे कशातही नाहीत, किडे आपल्यालाच खायला हवे आहेत. त्यामुळे उरलेली माणसंही बाहेर पडली.

गुरुनाथने फ्रीजरमधून अळूची दोन पाकिटं काढली, पिशवीत घातली आणि दोघींना हाताला धरून दारापर्यंत आणलं. "पैसे नकोत, सिस्टर. माझ्याकडून घ्या. फक्त पुढच्या वेळी येण्याआधी फोन करा. मी सुट्टी घेईन."

म्हणून रविवारी सिस्टर डोरथींनी दोघींना इलुंगांच्या दारात सोडलं तेव्हा सिस्टर सुचित्रांच्या हातात गोठवलेलं अळू होतं.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. खिडकीतून मागच्या अंगणातली कपड्यांची दोरी दिसत होती. आतून धुराचा, कांद्याचा, मिरचीचा असा वास येत होता की ब्रिजिटचे डोळे कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा चमकले. मिस्टर इलुंगांनी स्वागत केलं आणि बायकोची ओळख करून दिली. "मामा बियाट्रिस. आमच्याकडे आई झालेल्या बाईला सगळे मामा म्हणतात."

सिस्टरांना तीन मामा होते आणि तिघांनाही मिशा होत्या. एवढ्या धिप्पाड, नटलेल्या बाईला मामा म्हणायला त्यांची जीभ वळेना. शेवटी त्यांनी डोळे खाली घालून "मामा" म्हटलं आणि फादर केसींनी पाठ करून दिलेलं फ्रेंच वाक्य म्हणून माफी मागितली. मग नादेजपुढे वाकून इंग्रजीत म्हणाल्या, "मी चुकले. तुझा डबा विचारल्याशिवाय टाकायला नको होता."

नादेज आईच्या मागे सरकली. मामा बियाट्रिसने मान हलवली, पण हसली नाही. टेबलाकडे हात केला.

टेबलावर कोंबडी होती, भात होता, हिरव्या पाल्याची भाजी होती, जिला ते पोंदू म्हणतात, आणि एका परातीत पांढरा शुभ्र, गरमागरम गोळा. मिस्टर इलुंगा म्हणाले, हा फुफू. मक्याचं पीठ, आणि ज्या कंदाचा तुमच्याकडे साबुदाणा करतात त्याचं पीठ, उकळत्या पाण्यात घालून घोटायचं. सिस्टरांनी सगळी भांडी नजरेखालून घातली. अळ्या कुठेच नव्हत्या. त्यांना हायसं वाटलं, आणि थोडा अपमानही वाटला. दोन रात्री त्या मनाची तयारी करत होत्या.

फुफूचा पहिला घास त्यांनी भाकरीसारखा चावला. चावला, चावला, तरी तो तोंडातून जाईना. मिस्टर इलुंगा घाईने म्हणाले, "चावायचा नाही, सिस्टर. भाजीत बुडवायचा आणि गिळायचा." तसा गिळल्यावर बरा लागला, पण पोटात जाऊन दगडासारखा बसला. मामा बियाट्रिसने लगेच दुसरा गोळा वाढला. तोही संपवला. तिसरा आला तेव्हा सिस्टरांनी ताटावर आडवा हात धरला आणि सवयीने मराठीतच म्हणाल्या, "पुरे, पुरे."

मामा बियाट्रिसचा चेहरा उजळला. इतक्या वेळात पहिल्यांदाच. तिने आडव्या हाताच्या शेजारून मोठ्ठा गोळा ताटात सरकवला.

"नाही हो, खरंच पुरे."

आणखी एक गोळा आला. आता तर मामा उठून उभी राहूनच वाढत होती.

"पुरे, पुरे, पुरे," सिस्टर काकुळतीला येऊन म्हणाल्या. परात संपली. मामा बियाट्रिस स्वयंपाकघरात जाऊन नवीन पाणी उकळायला ठेवू लागली.

मिस्टर इलुंगा कौतुकाने म्हणाले, "माझी बायको फार खूश झाली आहे. सिस्टर मुद्दाम फ्रेंच शब्द शिकून आल्या."

"कुठला शब्द?"

"प्युरे. घोटलेल्या पदार्थाला फ्रेंचमध्ये प्युरे म्हणतात. तुम्ही मागत होता ना?"

आधी ब्रिजिटला समजलं. तिने पदराने तोंड दाबलं, पण खांदे हलायचे ते हललेच. मग तिने इंग्रजीत समजावलं, की आमच्या भाषेत पुरे म्हणजे बास. मिस्टर इलुंगांनी ते स्वयंपाकघराच्या दारातून बायकोला सांगितलं. मग मामा बियाट्रिस हसली. मोठं, पोटातून येणारं हसू होतं ते. तिने येऊन सिस्टरांच्या ताटातले दोन गोळे स्वतःच्या ताटात काढून घेतले.

त्यानंतर बोलणं सोपं झालं. अळूची पाकिटं उघडली गेली. मामाने पानं हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वास घेतला, पोंदूसारखीच करता येतील असं काहीतरी म्हणाली. चिंच घातली नाही तर घसा खाजतो, हे सांगायला सिस्टर सुचित्रा स्वतःचा गळा दोन्ही हातांनी खाजवू लागल्या, तशी मामाने फुफू अडकला असं समजून त्यांच्या पाठीत एक जोरदार थाप दिली. सिस्टरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण माणूस आपलं समजल्याशिवाय कुणी अशी थाप देत नाही, असंही त्यांना वाटलं.

त्या भरातच त्यांनी विचारलं, "आणि अळ्या?"

मिस्टर इलुंगांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मला खायच्या आहेत," सिस्टर म्हणाल्या. "नादेजच्या आजीच्या हातच्या."

मिस्टर इलुंगांनी बायकोकडे पाहिलं. तिने सिस्टरांकडे पाहिलं, तसंच, बराच वेळ, वर्गाच्या दारात पाहिलं होतं तसं. मग ती उठली. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत वरच्या फडताळातून तिने कापडाची लहान पिशवी काढली. पिशवीतल्या अळ्या गरम पाण्यात घालून थोडा वेळ झाकून ठेवल्या. तेलाचा चर्र आवाज आला, कांदा, टोमॅटो, मिरची, आणि एक वाडगा सिस्टरांपुढे आला.

सिस्टरांनी डोळे मिटले. आमच्या स्वर्गातील बापा ही प्रार्थना म्हटली. नमो मारिया म्हटली. मग पुन्हा नमो मारिया म्हटली. जेव्हा त्या तिसऱ्यांदा सुरुवात करू लागल्या तेव्हा ब्रिजिटने टेबलाखालून पायाला पाय लावला. सिस्टरांनी डोळे न उघडताच एक उचलली आणि तोंडात टाकली.

कुर्रकन आवाज झाला.

त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. धुरकट, खारट, थोडी तिखट. चुलीवर तव्यावर भाजलेल्या जवळ्यासारखी काहीतरी, पण त्याहून भरीव. त्यांनी दुसरी घेतली, खात्री करायला.

"चांगली आहे," त्या ब्रिजिटला मराठीत म्हणाल्या. आवाजात आश्चर्य होतं. "अगं, खरंच चांगली आहे."

मामा बियाट्रिस समोर बसली आणि बोलू लागली, नवरा इंग्रजीत सांगू लागला. तिची आई पाऊस सुरू झाला की पहाटे जंगलात जायची. अळ्या कुठल्या झाडावर येणार हे तिला पानं बघून कळायचं. लहानपणी मामा बियाट्रिस तिच्या मागून टोपली घेऊन जायची आणि वाटेत कच्च्याच चोरून खायची. आता तिकडे लढाई सुरू होती. आई यायला तयार नव्हती, म्हणत होती झाडं कोण बघणार. सिस्टर ऐकत होत्या. त्यांनाही स्वतःची आई आठवली, करडईची कोवळी भाजी खुडताना. त्यांनी तसं सांगितलं. मामाने करडई कशी असते विचारलं. सिस्टरांनी काटे दाखवले. बोलता बोलता हात वाडग्याकडे जात होता आणि येत होता, गप्पांत शेंगदाणे खावेत तसा.

ब्रिजिटने पुन्हा पाय लावला.

"तू पण घे ना," सिस्टर म्हणाल्या आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

ब्रिजिटने या वेळी जवळजवळ लाथच मारली. त्याच क्षणी सिस्टरांची बोटं वाडग्याच्या तळाला लागली. त्यांनी खाली पाहिलं. कांद्याची एक चकती तेवढी उरली होती.

मग त्यांनी वर पाहिलं. मिस्टर इलुंगांच्या ताटात एकही अळी नव्हती. मामा बियाट्रिसच्या ताटात नव्हती. नादेजच्या ताटात नव्हती. कापडाची पिशवी ओट्यावर रिकामी, सपाट पडली होती. वाडगा सगळ्यांसाठी होता, पाहुण्यांपासून सुरुवात केली होती इतकंच.

नादेज त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. आईकडे वळून, आपल्या भाषेत, एकच वाक्य. मामा बियाट्रिसने झटकन तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणाली?" सिस्टरांनी विचारलं.

"काही नाही," मिस्टर इलुंगा म्हणाले. "लहान आहे ती."

"सांगा ना. माझी विद्यार्थिनी आहे."

मिस्टर इलुंगांनी टाय सारखा केला. "ती म्हणतेय, सिस्टरांनी टाकल्या तेव्हा घरात थोड्या तरी उरल्या होत्या."

मामा बियाट्रिसने तोंडावरचा हात काढला, आणि मग तिला हसू आवरेना. डोक्याचा रुमाल सुटला, त्याच रुमालाने तिने डोळे पुसले. मिस्टर इलुंगा हसले, ब्रिजिट हसली. सिस्टर सुचित्रा तेवढ्या लालबुंद होऊन, कांद्याच्या चकतीकडे बघत बसल्या होत्या. ती खावी की ठेवावी हे त्यांना ठरवता येईना.

त्या रात्री इलुंगांच्या घरचा फोन बराच वेळ एंगेज लागत असणार. कारण सोमवारी सकाळी सिस्टर खाली उतरल्या तर तळघर भरलेलं होतं. काँगोची सगळी मुलं होती, शिवाय दोन नवीन चेहरे. मुलं सिस्टरांकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसत होती. फादर केसी दारातून डोकावले, मोजायला लागले, मध्येच थांबले आणि नुसतेच हसून वर गेले. बिंगोला दुसरी जागा शोधावी लागणार होती.

दुपारी मुलांनी डबे काढले. सिस्टर सुचित्रा सवयीप्रमाणे हात मागे बांधून रांगांतून फिरू लागल्या. नादेजजवळ आल्या तेव्हा मुद्दाम थांबल्या. तिने त्यांच्याकडे पाहून हसावं, निदान गुड आफ्टरनून म्हणावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

नादेज हसली. गुड आफ्टरनूनही म्हणाली. मग आइस्क्रीमचा डबा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी झाकला, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.